एक कोठार, अनेक पडदे



पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडची सिद्धनाथाची यात्रा, खरसुंडीची यात्रा, अशा यात्रांतून तंबूतला सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ट्रकमधून तंबू यायचा, यंत्र यायचे, आणि त्यांच्यासोबत पत्र्याच्या गोल डब्यांतून रिळे यायची. डबे वेळेवर पोहोचले तर खेळ, नाहीतर नाही. शहरातही फारशी निराळी तऱ्हा नव्हती. चित्रपटाची प्रत एक आणि थिएटरे दोन, असा प्रसंग आला की एकीकडे पहिले रीळ संपताच कुणीतरी पोऱ्या ते सायकलला लावून दुसरीकडे पळवायचा. वाटेत सायकल पंक्चर झाली, की इकडे पडदा पांढरा आणि प्रेक्षकांच्या शिट्ट्या!

चित्र एका जागी, पडदा दुसऱ्या जागी; मधले अंतर तोडायचे कसे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून थिएटरात चित्रपट पोहोचविण्याची सोय आपल्या देशात सुरू झाली आणि पुढल्या दहा वर्षांत गावोगावची जुनी यंत्रे अडगळीत पडली. तंबूवाल्यांची शेवटची धडपड ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या माहितीपटात जगाने पाहिली. रीळ गेले, डबे गेले, सायकलही गेली. प्रश्न मात्र राहिला, आणि तो आता आपल्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा आहे. आजचे माझे बोलणे त्याच्याविषयी आहे. मी महाविद्यालयात शिकवतो तो विषय इतिहासाचा, यंत्रविद्येचा नव्हे. तेव्हा जे सांगेन ते वापरणाऱ्याच्या बाजूने सांगेन, हे आधीच सांगून टाकतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, माणदेशापासून शिराळ्यापर्यंत, पुष्कळ शाळांत आज एखादा तरी मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे. कुठे तो लोकवर्गणीतून आला, कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिला. पडदा आला, पण पडद्यावर दाखवायचे ते कुठे असते? चौथीच्या गुरुजींच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर. सहावीच्या बाईंच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. थोडे मुख्याध्यापकांच्या मोबाईलमध्ये, आणि स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण फोटोवाल्याकडे, ज्याने ते ‘उद्या देतो’ म्हणून सांगून दोन वर्षे झाली. पेनड्राइव्ह या वर्गातून त्या वर्गात फिरतो, प्रत्येक संगणकातला रोग अंगावर घेतो आणि एक दिवस उघडेनासा होतो. पण हे सुद्धा किरकोळ म्हणायचे. खरा घाव बसतो तो बदलीच्या वेळी. ज्या शिक्षकाने पाच-सहा वर्षे खपून, स्वतःच्या हाताने, गावच्याच ओढ्याचे, गावच्याच पिकांचे, गावच्याच बोलीत धडे तयार केले, त्यांची बदली होते. निरोपाचा नारळ आणि शाल दिली जाते, आणि त्यांच्या लॅपटॉपबरोबर शाळेचे सारे धडेही निघून जातात. त्यांनी ते नेले असे नव्हे. ठेवून जायला जागाच नव्हती.

याच गोष्टीचे एक मोठे उदाहरण आपल्या राज्यात घडून गेले आहे. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी तिने केलेले कार्यक्रम दूरदर्शनवर लागत. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांना ते आठवतील. पण कार्यक्रम लागायचा तो त्याच्या वेळेला. त्या वेळी तुमच्या वर्गात गणिताचा तास असला, किंवा नेमकी वीज गेली, की तो गेला तो गेलाच. मागे वळून पुन्हा बघण्याची सोय नव्हती. २०१७ साली ती संस्था बंद झाली. शिकविण्याची चित्रे तयार करणे हे अर्धेच काम आहे. ती हव्या त्या वर्गाला, हव्या त्या घटकेला हाताशी येणे, हे उरलेले अर्धे. नव्या यंत्रांनी दुसरे काम आता गावच्या शाळेच्या आवाक्यात आणले आहे, म्हणून हा खटाटोप.

आता कोठार म्हणजे काय ते पाहू. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली हळदीची पेवे प्रसिद्ध होती. जमिनीच्या पोटात खणलेली ही पेवे. तिथल्या मातीचा गुण असा की हळद वर्षानुवर्षे त्यांत टिकायची. व्यापारी पेठेत बसायचा, माल पेवात असायचा, लागेल तसा बाहेर काढायचा. आपले कोठार तसेच समजा. शाळेत एका सुरक्षित खोलीत एक पेटी. त्या पेटीत सगळ्या चित्रफिती. आणि प्रत्येक वर्गातला पडदा त्या पेटीतून, तारेवाटे, हवी ती चित्रफीत तेवढ्यापुरती मागून घेतो. माल जागचा हलत नाही, फक्त दिसतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘नेटवर्क’ म्हटले की लोक म्हणतात, ‘‘आमच्या गावात रेंजच नाही, आम्हाला काय उपयोग?’’ अहो, या व्यवस्थेला रेंज लागत नाही! इंटरनेट म्हणजे गावाबाहेरचा हमरस्ता. नेटवर्क म्हणजे वाड्यातल्या वाड्यातली ये-जा. हमरस्ता बंद असला म्हणून माजघरातून ओसरीवर यायला अडचण पडते काय? राऊटर नावाची छोटी डबी विजेवर चालू असली आणि कोठार व पडदे तिला जोडलेले असले, की झाले. कोयनेच्या खोऱ्यातल्या ज्या वाडीत मोबाईलची एक रेघ दिसत नाही, तिथेही हे चालते. किंबहुना तिथेच याचा खरा उपयोग. गुरुजींनी आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी जाऊन जे उतरवून आणायचे ते आणावे, कोठारात टाकावे, आणि सोमवारी सगळ्या वर्गांनी ते बघावे.

ही पेटी बाजारात तयार मिळते. तिला ‘नॅस’ म्हणतात, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवण. आत दोन हार्ड डिस्क असतात, मागे तारेची खाच असते. पण तीन-चार खोल्यांच्या शाळेला तीच घेतली पाहिजे असे मुळीच नाही. कार्यालयात धूळ खात पडलेला जुना संगणक असतो ना, त्यात मोठी डिस्क घालून त्यातला एक फोल्डर ‘शेअर’ केला की तेही कोठारच. काही राऊटरांना तर पाठीमागे खाच असते. तिथे हार्ड डिस्क अडकवली तरी थोडेफार काम भागते. माझे मत विचाराल तर आधी जुन्या संगणकावर सहा महिने चालवून पाहावे. सवय लागली, मागणी वाढली, की मग वर्गणीची पावती फाडावी.

दुसऱ्या टोकाला पडदा. टीव्ही नवा असेल तर नेटवर्कवरचे कोठार शोधण्याची सोय त्यातच असते. नसेल तर एक छोटा प्लेअर किंवा जुना लॅपटॉप त्याला जोडावा आणि त्यात व्हीएलसी किंवा कोडी यांपैकी एक घालावे. दोन्ही फुकट आहेत. व्हीएलसीची कूळकथा आपल्या विषयाशी फार जवळची आहे. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहासाठी वेगवान नेटवर्क हवे होते. त्याला काही सबब पाहिजे, म्हणून त्यांनी उपग्रहावरचा टीव्ही नेटवर्कवरून प्रत्येक खोलीत दाखवण्याचा उद्योग काढला. त्या उद्योगातून हे निघाले आणि २००१ साली ते सर्वांना मोकळे झाले. रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू त्याचे चिन्ह आहे, तोही त्या पोरांनीच कुठून कुठून गोळा केलेल्या शंकूंवरून आलेला. एका ठिकाणचे चित्र अनेक खोल्यांत, म्हणजे आपल्याच कामासाठी जन्मलेली ही वस्तू.

आता पेटी आहे, पडदा आहे, तार आहे. तरी दोघांची ओळख पटत नाही, अशी वेळ येते. बहुतेक शाळांचा उत्साह इथेच मावळतो, म्हणून इथे जरा थांबतो.

राऊटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, १९२.१६८.१.२० अशासारखा. तो घरक्रमांक समजा. वीज जाऊन आली की राऊटर कधीकधी नव्याने क्रमांक वाटतो. काल कोठार वीस नंबरात राहात होते, आज ते पंचवीसमध्ये गेले. वर्गातला प्लेअर बिचारा वीस नंबरचे दार ठोठावत बसतो आणि पडद्यावर ‘सापडत नाही’ असे उमटते. बाई म्हणतात, ‘‘बिघडलं वाटतं,’’ आणि फळ्याकडे वळतात. बिघडलेले काही नसते. राऊटरच्या सेटिंगमध्ये कोठाराचा क्रमांक एकदाच कायमचा राखून ठेवला की हे दुखणे संपते. तो क्रमांक पेटीवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा, आणि कार्यालयातल्या भिंतीवरही.

दुसरी अडचण भाषेची. कोठार आणि पडदा यांनी एकमेकांशी बोलायच्या दोन रीती विशेष प्रचारात आहेत. एकीचे नाव डीएलएनए. तिच्यात कोठार स्वतःच दवंडी पिटते, ‘‘मी इथे आहे, माझ्याकडे हे हे आहे,’’ आणि टीव्ही ती यादी दाखवतो. सोपे काम, मात्र निवड थोडी, आणि कुठल्या फाईली चालतील ते टीव्हीच्या मर्जीवर. दुसरी एसएमबी. हिच्यात कोठीवाला दाराशी बसलेला असतो. नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, आणि मग तुम्हाला आत सोडून फोल्डरमागून फोल्डर पाहू देतो. ही रीत १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत निघाली, पुढे विंडोजने उचलली, आणि १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिची मोकळी आवृत्ती ‘सांबा’ तयार केली. आज पुष्कळशा नॅस पेट्यांच्या पोटात ती सांबाच असते.

गोम अशी, की एसएमबी बोलीच्या जुन्या आणि नव्या पिढ्या आहेत. २०१७ सालच्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांत धुमाकूळ घातला. तो शिरला होता तो याच बोलीच्या पहिल्या, जुन्या पिढीतल्या एका भोकातून. तेव्हापासून नव्या यंत्रांनी जुनी बोली बंद केली. आता दहा-बारा वर्षांपूर्वीचा टीव्ही किंवा प्लेअर जुनीच बोली बोलतो आणि नवे कोठार ती ऐकून घेत नाही. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी दार उघडत नाही! अशा वेळी कुणीतरी हुशार पोरगा सांगतो, ‘‘सर, कोठारात जुनी पिढी चालू करून टाका, लगेच चालतंय.’’ चालते खरे. पण त्यासाठी ज्या दारातून दरोडा पडला तेच दार पुन्हा सताड उघडावे लागते. त्यापेक्षा त्या एका जुन्या टीव्हीसाठी डीएलएनएची दवंडी सुरू करावी, नाहीतर त्याला एक स्वस्त नवा प्लेअर जोडावा. शाळेच्या निकालपत्रकांचा संगणकही त्याच नेटवर्कवर असतो, हे विसरू नये.

आता वेगाविषयी. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या मुलखात पाइपलाइन समजावून सांगायची गरज नाही. मुख्य पाइप केवढा, फाटे किती, आणि शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचते की नाही, हा सारा झगडा तुमच्या परिचयाचा आहे. इथेही तेच. चांगल्या, स्पष्ट धड्याच्या चित्रफितीला एका सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात. अर्ध्या तासाचा असा धडा एक जीबीपेक्षा थोडा जास्त भरतो, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर असे साडेआठशेच्या वर धडे बसतात. साधी १०० मेगाबिटची तार घेतली तरी दहा वर्ग एकाच वेळी निर्धास्त बघू शकतात, कारण दाही पाचे पन्नास. मोबाईलवर काढलेल्या चित्रफिती मात्र अधिक खादाड असतात. त्या सेकंदाला पंधरा-वीसही मागतात. कोठारात टाकण्यापूर्वी त्या आखडून घ्याव्यात हे बरे.

आणि तारेऐवजी वायफाय? कार्यालयाला लागून असलेल्या खोलीत ठीक. पण आपल्या जुन्या शाळांच्या दगडी भिंती दीड-दीड हात रुंदीच्या. त्या ओलांडताना वायफायचा जोर असा ओसरतो की टोकाच्या वर्गाची गत टेलच्या शेतकऱ्यासारखी होते. चित्र दोन मिनिटे चालते, मग गोल चक्र फिरत राहते, आणि चाळीस मुले त्या चक्राकडे बघत बसतात. म्हणून जमेल तिथे तारच ओढावी. ही तार एका दमात १०० मीटरपर्यंत चालते, शाळेच्या आवाराला ते पुष्कळ झाले. मात्र मैदानापलीकडच्या दुसऱ्या इमारतीला जोडायचे असेल तर तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये. वळवाच्या विजा आपल्याकडे कशा कडाडतात ते तुम्ही जाणता. तांब्याच्या तारेवाटे तो झटका दोन्ही इमारतींतल्या यंत्रांना एकदम आडवे करू शकतो. तिथे काचतंतूची केबल घालावी, नाहीतर ती इमारत वेगळी ठेवावी.

वेगळी ठेवूनही काम चालते, आणि याचा धडा मल्टिप्लेक्सकडून घेण्यासारखा आहे. तिथे एक मोठे कोठार असते आणि प्रत्येक पडद्यामागे त्याचे स्वतःचे छोटे कोठार. थिएटरातला चित्रपट सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मागू शकतो. तेवढ्याचा भरवसा तारेवर ठेवण्याऐवजी खेळाच्या आधीच तो मोठ्या कोठारातून छोट्यात उतरवून घेतात. आपल्यालाही टोकाच्या वर्गासाठी तसे करता येईल. आदल्या दिवशी शाळा सुटताना उद्याचे दोन धडे त्या वर्गाच्या प्लेअरमध्ये उतरवून ठेवावेत. विहिरीवरून रोज पाणी ओढण्यापेक्षा रांजण भरून ठेवणे कधीकधी शहाणपणाचे असते.

आणखी एक चकवा सांगतो. धडा सापडतो, सुरू होतो, आवाज ऐकू येतो, पण पडदा काळाच. तारेचा दोष नव्हे हा. नवे मोबाईल एच-२६५ या नव्या पद्धतीने चित्र बांधतात, आणि जुन्या टीव्हीला ती गाठ सोडता येत नाही. एच-२६४ ही जुनी पद्धत मात्र जवळजवळ सगळ्यांना कळते. ‘हँडब्रेक’ नावाचे फुकट साधन एकीतून दुसरीत रूपांतर करून देते, रात्री लावून ठेवले की सकाळी तयार. कोठारात येणारी प्रत्येक चित्रफीत एकाच पद्धतीने बांधलेली असावी, एवढा नियम केला की पुढची निम्मी रडगाणी थांबतात.

यंत्राचे हे असे आहे. आठ-पंधरा दिवसांत बसते. यापुढचे काम मात्र माणसाचे आहे, आणि ते अधिक कठीण आहे. कोठारात ‘व्हिडिओ १’, ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘बाईंचा’ अशा नावांनी शंभर चित्रफिती पडल्या, तर तिथे असून नसून सारख्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या! तो साठा आज उपयोगी पडतो तो एवढ्याचसाठी, की कुठल्या गावच्या कुठल्या बाईने कोणत्या विषयावर ओवी गायिली हे त्यांनी नोंदवले. तेवढे मोठे काम आपले नाही. पण इयत्ता, विषय, क्रमांक आणि धड्याचे नाव, या क्रमाने प्रत्येक फाईलचे नाव असावे. क्रमांक दोन आकडी लिहावा, म्हणजे दहावा धडा पहिल्याच्या पाठीला येऊन चिकटत नाही. नाव मराठीत लिहायचे तर युनिकोडमध्ये लिहावे. नुसत्या जुन्या फॉन्टवर चालणारी लिपी दुसऱ्या यंत्रावर गेली की तिचा गिचमिड काला होतो. आणि ज्याने धडा केला त्याचे नाव व साल फाईलच्या नावाशेवटी घालावे. बदली झाली तरी नाव शाळेत राहते.

किल्ली कोणाकडे? वर्गातल्या पडद्यांना फक्त बघण्याची परवानगी द्यावी. टाकण्याची आणि पुसण्याची दोघांनाच, एकाला नव्हे आणि सगळ्यांना तर नव्हेच. एकाच्या हाती असली की तो रजेवर गेला म्हणजे शाळा अडते. सगळ्यांच्या हाती असली की एखाद्या दुपारी पाचवीतला एखादा बहाद्दर सगळा विज्ञान विभाग पुसून मोकळा होतो. आणि कोठारात काय ठेवू नये तेही ठरलेले असावे. बाजारातले सिनेमे, कुणाच्या तरी विकतच्या शिकवणीच्या चित्रफिती, या दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तू आहेत. शाळेने त्या चोरून ठेवल्या तर मुले धड्यापेक्षा तेच आधी शिकतील. मुलांची चित्रे ठेवायची तर पालकांना विचारून, आणि ती आवाराबाहेर जाणार नाहीत अशा बेताने.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर एक रास्त शंकाही घेतो. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली स्वातंत्र्यदिनी एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा आणि दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. तो निर्णय ऐकून मला फार बरे वाटले होते. मग एकीकडे पडदे बंद करण्याचे कौतुक आणि दुसरीकडे वर्गावर्गात पडदे, हे कसे? फरक आहे तो असा. मोबाईलवरचा पडदा मुलाला एका चित्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओढत नेतो, मध्ये जाहिराती पेरतो, आणि थांबत नाही. शाळेच्या कोठारात शिक्षकाने निवडले तेवढेच असते. धडा संपला की पडदा काळा होतो, आणि तिथे बाईंचे बोलणे सुरू होते. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत एक प्रयोग केला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग रेडिओ बंद करून त्यावर आपापसांत बोलायचे. त्या प्रयोगाची खरी करामत ऐकण्यात जितकी होती तितकीच त्या नंतरच्या बोलण्यात होती. वर्गातही सात मिनिटांची चित्रफीत आणि वीस मिनिटांची चर्चा, असे प्रमाण मला योग्य वाटते. उलटे झाले की तो सिनेमाच.

आता शेवटी पुराविषयी बोलले पाहिजे. हरिपूरच्या पेवांचा मघा उल्लेख केला. २००५ च्या पुरात पाणी त्या पेवांत शिरले, वर्षानुवर्षे टिकणारी हळद मातीमोल झाली, आणि पेवांचा तो जुना व्यवहार पुढे पहिल्यासारखा राहिला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. कितीतरी शाळांचे दप्तर तेव्हा भिजले. सगळा माल एका ठिकाणी ठेवण्याचे सुख आहे तसे हे दुःखही आहे. नॅस पेटीत दोन डिस्का असतात आणि दोन्हींवर तेच लिहिले जाते, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण ते जुळ्या भावांसारखे आहे. एकीवर चुकून पुसले की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. पेटी पाण्यात गेली की दोघी बुडतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामी येते, एवढाच त्यांचा उपयोग. दुसरी प्रत ती नव्हे.

दुसरी प्रत म्हणजे वेगळी डिस्क, वेगळ्या गावात. पेटी वरच्या मजल्यावर, इन्व्हर्टरवर ठेवावी हे तर झालेच. त्याखेरीज नदीकाठच्या शाळेने माळावरच्या एखाद्या शाळेशी जोडी जमवावी. पलूस, मिरज, वाळवे इकडच्या शाळेची डिस्क खानापूर-आटपाडीच्या बाजूला, आणि तिकडची इकडे. महिन्यातून एकदा केंद्राच्या बैठकीला येता-जाता दोघा शिक्षकांनी त्या बदलून घ्याव्यात. डिस्क रुमालात नव्हे, बंद डब्यात न्यावी. तिच्यावर शाळेचे नाव आणि प्रत केल्याची तारीख लिहिलेली असावी. आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यातच त्या दुसऱ्या प्रतीतली कोणतीही एक चित्रफीत प्रत्यक्ष लावून पाहावी. ती दिसते की नाही, ऐकू येते की नाही, हे पाऊस लागायच्या आत कळलेले बरे.